पाच लॅबचा जीन एक्सप्रेशन डेटा एकत्र करायचाय? मग सॅम्पल शीटपासून सुरुवात करा

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. पाच लॅबचा एक प्रोजेक्ट आहे, उंदरांचं लिव्हर आणि काही पेशंटचे टिश्यू, सगळ्यांवर आरएनए सीक्वेन्सिंग करायचंय, म्हणजे पेशींतला आरएनए वाचून कुठला जीन किती चालू आहे (जीन एक्सप्रेशन) ते मोजायचंय. प्रत्येक लॅबची एक्सेल शीट वेगळी, कुणी रॉ काउंट देतं (प्रत्येक जीनचे मोजलेले आरएनएचे तुकडे) कुणी टीपीएम (जीनची लांबी आणि एकूण वाचन धरून जुळवलेला आकडा), आणि पहिल्याच मीटिंगमध्ये ठरलं की ‘कॉमन डेटा स्टँडर्ड’ बनवायचं आणि ते काम तुमच्या गळ्यात पडलं. म्हणून तुम्ही तीन गोष्टी विचारल्यात: स्टँडर्ड म्हणजे नक्की काय लिहायचं, ते ठरवायचं कुणी, आणि शेवटी डेटा जिओमध्ये (जीईओ, असा डेटा ठेवायचा अमेरिकेचा सार्वजनिक डेटाबेस) टाकणारच आहोत तर वेगळं स्टँडर्ड हवंच कशाला. मी बरीच वर्षं हेच काम करतेय, लोकांचा एक्सप्रेशन डेटा घ्यायचा, तपासायचा आणि डेटाबेसमध्ये जाण्यालायक करायचा, त्यामुळे उत्तर लांबणार आहे, वेळ काढून वाचा.

स्टँडर्ड म्हटलं की सगळे पहिल्यांदा फाइलच्या फॉरमॅटवर वाद घालतात, टॅब फाइल का एचडीएफ५, डेटाबेस कुठला, सर्व्हर कुणाचा. माझं स्पष्ट मत आहे की हा वाद सगळ्यात शेवटी घ्या. फॉरमॅट एका स्क्रिप्टने बदलता येतो, पण उंदीर सकाळी मारला का संध्याकाळी हे त्या दिवशी लिहिलं नसेल तर ते नंतर कुठल्याही स्क्रिप्टने परत मिळत नाही. स्टँडर्ड म्हणजे कुठली माहिती, कुणी, कधी, कुठल्या शब्दात लिहायची याचा करार, बाकी सगळं त्याच्या मागून येतं.

आणि जीन एक्सप्रेशनमध्ये हे जास्तच महत्त्वाचं आहे. जीनोमचं सीक्वेन्स एकदा केलं की त्या प्राण्याच्या लिव्हरमधून घ्या नाहीतर शेपटीतून घ्या, जवळपास तेच येणार. एक्सप्रेशन तसं नाही. तोच उंदीर, तेच लिव्हर, पण उपाशी होता का खाल्लेला होता, नर का मादी, किती आठवड्यांचा, टिश्यू काढल्यावर किती वेळाने फ्रीझ केला, या प्रत्येक गोष्टीने आकडे हलतात. ‘पर’ आणि ‘क्राय’ हे शरीराच्या आतल्या घड्याळाचे जीन घ्या, लिव्हरमध्ये त्यांची पातळी दिवसाच्या वेळेप्रमाणे इतकी बदलते की एका लॅबने सकाळी दहाला आणि दुसरीने संध्याकाळी सहाला सॅम्पल घेतले तर तुम्हाला औषधाचा परिणाम म्हणून जे दिसेल ते फक्त घड्याळ असू शकतं. म्हणून इथे नुसत्या आकड्याला अर्थ नाही, आकडा आणि त्याची परिस्थिती मिळून डेटा होतो.

हे सगळं जगात एकदा होऊन गेलंय आणि त्यातून घेण्यासारखं खूप आहे, म्हणून जरा इतिहास सांगते. १९९५ साली स्टॅनफर्डच्या पॅट ब्राउन यांच्या लॅबमधून मायक्रोअ‍ॅरेचा गाजलेला पेपर आला, अरॅबिडॉप्सिस या रोपाचे ४५ जीन काचेच्या स्लाइडवर लावून एकाच वेळी मोजलेले. त्यानंतर चारपाच वर्षांत जो तो मायक्रोअ‍ॅरे करायला लागला. काही लॅब स्वतःच स्लाइडवर ठिपके छापायच्या आणि साय-३ आणि साय-५ असे दोन रंग वापरायच्या, तिथे आकडा म्हणजे दोन रंगांचं गुणोत्तर. काही जण अ‍ॅफिमेट्रिक्सची तयार चिप विकत घ्यायचे, तिथे एकच रंग आणि आकडा म्हणजे थेट सिग्नल. हे दोन्ही आकडे शेजारी ठेवून काहीच कळत नाही, आणि दोन रंगांच्या प्रयोगात कुठला रंग ट्यूमरचा आणि कुठला नॉर्मलचा हे लिहिलेलं नसेल तर वाढलेला जीन कमी झालेला दिसतो. पेपर छापून येत होते, डेटा मात्र ज्याच्या त्याच्या लॅबच्या वेबसाइटवर, ती बंद पडली की डेटाही गेला.

नोव्हेंबर १९९९ मध्ये केंब्रिजजवळ हिंक्स्टनला युरोपियन बायोइन्फॉर्मॅटिक्स इन्स्टिट्यूटमध्ये यावर मीटिंग झाली आणि त्यातून एमजीईडी नावाचा गट उभा राहिला. त्यात डेटाबेसवाले होते, बायोलॉजिस्ट होते, सॉफ्टवेअर लिहिणारे होते आणि चिप बनवणाऱ्या कंपन्यांची माणसंही होती. डिसेंबर २००१ मध्ये अल्विस ब्राझ्मा आणि सहकाऱ्यांनी नेचर जेनेटिक्समध्ये ‘मायामी’ नावाचं स्टँडर्ड मांडलं, म्हणजे मायक्रोअ‍ॅरे प्रयोगाबद्दल किमान काय सांगितलं पाहिजे त्याची यादी. पुढे ती सहा गोष्टींवर स्थिरावली: रॉ डेटा, प्रोसेस केलेला अंतिम डेटा, प्रत्येक सॅम्पलचं वर्णन आणि प्रयोगात मुद्दाम बदललेली गोष्ट, प्रयोगाची रचना म्हणजे कुठली फाइल कुठल्या सॅम्पलची, चिपवर काय कुठे आहे त्याची माहिती, आणि लॅबमधली व डेटा प्रोसेसिंगची पद्धत.

बस, एवढंच. यातला ‘किमान’ हा भाग मला सगळ्यात शहाणपणाचा वाटतो, कारण अशा मीटिंगमध्ये प्रत्येक जण आपला एक कॉलम घालायला बघतो, न्यूरोवाल्याला मेंदूचा कुठला भाग ते हवं असतं, प्लँटवाल्याला माती आणि उजेड, कॅन्सरवाल्याला स्टेज आणि ग्रेड, आणि शंभर कॉलमची शीट तयार झाली की कुणीच ती भरत नाही. तुमच्याकडेही हेच होणार आहे, आत्ताच तयारी ठेवा.

२००२ मध्ये याच गटाने जर्नलच्या संपादकांना उघड पत्र लिहिलं की पेपर घेताना डेटा सार्वजनिक डेटाबेसमध्ये टाकायला लावा. नेचरच्या जर्नल्सनी त्याच वर्षी डिसेंबरपासून अट घातली, मग बाकीची आली. माझ्या मते मायामी टिकलं ते या अटीमुळे. स्टँडर्ड कितीही चांगलं असू दे, ते पाळल्याशिवाय पुढचं दार उघडत नाही अशी कुठेतरी व्यवस्था लागते. तुमच्या प्रोजेक्टमध्ये ते दार म्हणजे सीक्वेन्सिंगचे पैसे. शीट पूर्ण भरून तपासणीतून पास झाल्याशिवाय त्या बॅचचे सॅम्पल सीक्वेन्सिंगला जाणार नाहीत एवढा एकच नियम पीआय लोकांकडून, म्हणजे लॅबच्या प्रमुखांकडून, लिहून घ्या, अर्धं काम झालं.

आता त्याच गटाचं जे चाललं नाही ते सांगते, कारण तेही तितकंच उपयोगी आहे. मायामी काय लिहायचं ते सांगत होतं, कुठल्या फाइलमध्ये ते नाही. त्यासाठी २००२ मध्ये मेज-एमएल आलं, एक्सएमएलमध्ये, त्यामागे मोठं रीतसर ऑब्जेक्ट मॉडेल. विचारपूर्वक केलेलं काम होतं, ज्यांनी केलं त्यांच्याबद्दल मला आदर आहे, पण साध्या वेट लॅबला, म्हणजे जिथे प्रत्यक्ष प्रयोग होतात तिथे, ती फाइल स्वतः लिहिणं अशक्य होतं, प्रोग्रॅमर लागायचाच, आणि तो बहुतेकांकडे नव्हता. म्हणून २००६ मध्ये मेज-टॅब आलं, साध्या स्प्रेडशीटसारखं टॅबने वेगळं केलेलं टेबल. एका फाइलमध्ये प्रयोगाची एकूण माहिती आणि दुसरीमध्ये, जिला एसडीआरएफ म्हणतात, एका ओळीत डावीकडून उजवीकडे सॅम्पल, त्यातून काढलेला आरएनए, लायब्ररी (त्या आरएनएपासून सीक्वेन्सिंगसाठी तयार केलेला नमुना), रन (मशीनची एक फेरी) आणि शेवटी डेटा फाइलचं नाव. डावीकडे उंदीर आणि उजवीकडे फाइल, मधली साखळी पूर्ण. अ‍ॅरेएक्सप्रेस या युरोपच्या डेटाबेसने ते वापरलं. अमेरिकेचं जिओ, जे २००० साली सुरू झालं, त्याने तर पहिल्यापासून साधा टेक्स्ट आणि पुढे एक्सेल टेम्प्लेट असाच रस्ता ठेवला. ज्याला प्रोग्रॅमिंग येत नाही त्यालाही शीट उघडून भरता आली तरच स्टँडर्ड लॅबपर्यंत पोचतं, आणि प्रत्यक्षात शीट भरणारी मुलगी किंवा मुलगा रात्री आठ वाजता आरएनए काढून दमलेला असतो हे विसरू नका.

आता तुमचा तिसरा प्रश्न, जिओमध्ये टाकणारच आहोत तर वेगळं काही कशाला. कारण डेटा जमा करणं आणि तो दुसऱ्याला वापरता येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. २००९ मध्ये जॉन आयोअनिडिस आणि इतरांनी नेचर जेनेटिक्समधले मायक्रोअ‍ॅरेचे १८ पेपर घेऊन त्यांचेच आकडे परत काढायचा प्रयत्न केला. दोन जमले, सहा अर्धवट किंवा थोड्या फरकाने जमले, दहा जमलेच नाहीत. मुख्य कारण डेटा मिळाला नाही हे, आणि जिथे मिळाला तिथे प्रोसेसिंग कसं केलं ते पुरेसं लिहिलेलं नव्हतं. आणि हे कधी, तर मायामीची अट लागून कितीतरी वर्षं झाल्यावर. जिओचे क्युरेटर, म्हणजे आलेला डेटा तपासणारे, फाइल आहेत का आणि कॉलम भरलेत का ते बघतात, पण तुमच्या शीटमध्ये एम लिहिलेला उंदीर खरंच नर होता का हे त्यांना कुठून कळणार?

हे सॅम्पल अदलाबदल होण्याचं प्रकरण लोक फार हलकं घेतात. २०१६ मध्ये एक अभ्यास आला, सार्वजनिक मानवी डेटासेटमध्ये लिहिलेलं लिंग आणि एक्सप्रेशनवरून दिसणारं लिंग जुळवून बघितलं, तर ४६ टक्के डेटासेटमध्ये निदान एक तरी सॅम्पल चुकीच्या लेबलचं निघालं. तपासणी अगदी सोपी आहे, एक्सआयएसटी हा जीन मादीत भरपूर दिसतो, वाय क्रोमोसोमवरचा आरपीएस४वाय१ फक्त नरात. उंदरांसाठी एक्सआयएसटी आणि डीडीएक्स३वाय घ्या. काउंट आल्याबरोबर ही तपासणी करायची, शीटशी जुळवायची, आणि जुळलं नाही तर तिथेच थांबून शोध घ्यायचा. आणि यातून फक्त नर-मादी अशी अदलाबदल सापडते, नर-नर झालेली सापडतच नाही, म्हणजे खरा आकडा याहून मोठाच असणार.

याचं टोक बघायचं असेल तर ड्यूक युनिव्हर्सिटीचं प्रकरण वाचा. २००६ मध्ये नेचर मेडिसिनमध्ये पेपर आला की ट्यूमरच्या एक्सप्रेशनवरून कुठलं केमो लागू पडेल ते सांगता येतं. एमडी अँडरसन कॅन्सर सेंटरचे कीथ बॅगर्ली आणि केव्हिन कूम्ब्स यांनी जो काही डेटा उपलब्ध होता त्यावरून हे परत करून बघितलं. जीनच्या याद्या एक ओळ खाली सरकलेल्या होत्या, म्हणजे प्रत्येक आकड्यासमोर शेजारच्या ओळीतल्या जीनचं नाव. काही ठिकाणी औषधाला दाद देणारे आणि न देणारे यांची लेबलंच उलटी होती. तोपर्यंत या पद्धतीवर पेशंटच्या क्लिनिकल ट्रायल सुरू झालेल्या होत्या. त्या शेवटी थांबवल्या गेल्या, पेपर २०११ मध्ये मागे घेतला गेला, आणि पुढे संशोधनातल्या गैरव्यवहाराचा ठपकाही अधिकृतपणे आला. गैरव्यवहार कुठलंही स्टँडर्ड थांबवू शकत नाही हे खरं, पण एक ओळ सरकलेली यादी आणि उलटी लेबलं बाहेरच्या माणसाला पहिल्याच आठवड्यात सापडली असती, जर सॅम्पल, लेबल, रॉ डेटा आणि कोड हे सगळं नीट जोडून उघड ठेवलेलं असतं. त्या दोघांना ते वर्षानुवर्षं उकरून काढावं लागलं.

बरं, आता तुमच्या शीटकडे येऊ. तुम्ही पाच लॅबच्या कॉलमची नावं पाठवलीत त्यावरून सांगते. पाचही शीटमध्ये ‘कंट्रोल’ आहे, आणि मला खात्री आहे की त्याचे किमान तीन अर्थ आहेत. एका लॅबमध्ये कंट्रोल म्हणजे काहीच न दिलेला उंदीर, दुसरीत औषधाशिवाय नुसतं डीएमएसओ (ज्यात औषध विरघळवतात ते) दिलेला, तिसरीत जनुक न बदललेला भाऊ, म्हणजे वाइल्ड टाइप लिटरमेट. हे तीन कंट्रोल एकत्र करून एक गट बनवला की जो फरक दिसेल तो डीएमएसओचा आहे का जनुकाचा हे कुणालाच सांगता येणार नाही. म्हणून ‘कंट्रोल’ हा शब्द शीटमध्ये ठेवूच नका. त्याऐवजी वेगवेगळे कॉलम: जीनोटाइप काय, दिलेला पदार्थ कुठला, कशात विरघळवून, डोस किती, कधी दिला, किती तासांनी सॅम्पल घेतला. कंट्रोल कोण हे त्या कॉलमवरून आपोआप ठरतं आणि प्रत्येक विश्लेषणात वेगळं ठरू शकतं. तसंच वयाचं. एका शीटमध्ये ‘१२’ लिहिलंय, उंदीर आहे म्हणजे आठवडे असणार असं आपण समजतो, पण खाली त्याच कॉलममध्ये पेशंट आहेत तिथे ‘५४’ आहे. आकडा एका कॉलममध्ये, एकक दुसऱ्यात, कायम. तारखा वर्ष-महिना-दिवस या क्रमानेच, कारण ०३/०४ म्हणजे आपल्याकडे ३ एप्रिल आणि अमेरिकेत शिकून आलेल्या पोस्टडॉकसाठी ४ मार्च.

सॅम्पलचं नाव पाचही लॅबमध्ये एस१, एस२ असंच आहे. हे पहिल्या दिवशी बदला. लॅबचा कोड, उंदराचा नंबर, टिश्यू, आणि एक असा आयडी जो ट्यूबवर बारकोडने चिकटेल आणि परत कधीच वापरला जाणार नाही. आयडीमध्ये अर्थ भरू नका, म्हणजे ‘ट्रीटेड’ वगैरे, कारण उद्या कळलं की तो ट्रीटेड नव्हता तर आयडी खोटा पडतो आणि कुणीतरी तो दुरुस्त करायला जातं आणि मग फाइल आणि ट्यूब यांची ताटातूट होते.

शब्दांसाठी स्वतःची डिक्शनरी बनवायच्या भानगडीत पडू नका, जगात तयार आहेत. टिश्यूसाठी युबेरॉन घ्या, त्यात लिव्हरचा नंबर ०००२१०७ आहे. प्राण्यासाठी एनसीबीआयची टॅक्सॉनॉमी, माणूस ९६०६, उंदीर १००९०. पेशींसाठी सेल ऑन्टॉलॉजी. पण शीट भरणाऱ्याला नंबर टाइप करायला लावू नका, ड्रॉपडाउनमध्ये ‘लिव्हर’ निवडलं की शेजारी नंबर आपोआप यावा. आणि यादी छोटी ठेवा, तुमच्या प्रोजेक्टमध्ये सात टिश्यू असतील तर सातच दाखवा, हजारो नकोत.

ज्या कॉलमबद्दल सगळे कुरकुर करतील पण जे तुम्ही हट्टाने ठेवाच ते म्हणजे बॅचचे. आरएनए कुणी आणि कुठल्या दिवशी काढला, कुठलं किट, आरएनएची क्वालिटी किती, लायब्ररी पॉली-ए निवडून केली का रायबोसोमल आरएनए काढून, लायब्ररी स्ट्रँडेड आहे का (आरएनए डीएनएच्या कुठल्या धाग्यावरून आला ते कळतं का), कुठला सीक्वेन्सर, कुठला फ्लोसेल (मशीनमधली जिच्यावर सॅम्पल चालतात ती काचेची पट्टी), तिच्यातली कुठली लेन. का, ते एका खऱ्या गोष्टीतून सांगते. २०१४ मध्ये माऊस एन्कोड प्रोजेक्टमधून एक पेपर आला, माणूस आणि उंदीर यांच्या अनेक टिश्यूंची तुलना, निष्कर्ष असा की एक्सप्रेशन टिश्यूप्रमाणे कमी आणि प्रजातीप्रमाणे जास्त जुळतं, म्हणजे माणसाचं लिव्हर उंदराच्या लिव्हरपेक्षा माणसाच्याच दुसऱ्या टिश्यूंच्या जवळ. आधीच्या अभ्यासांच्या उलट. पुढच्या वर्षी योआव गिलाड आणि ऑर्ना मिझ्राही-मान यांनी काय केलं, तर फास्टक्यू फाइलमध्ये (सीक्वेन्सिंगमधून मिळणारी रॉ फाइल) प्रत्येक रीडच्या, म्हणजे वाचलेल्या तुकड्याच्या, वर जी हेडरची ओळ असते ती वाचली. त्या ओळीत मशीनचं नाव, रन नंबर, फ्लोसेल आणि लेन असतं. त्यावरून सीक्वेन्सिंगची रचना परत उभी केली, तर दिसलं की बहुतेक ठिकाणी माणसाचे सॅम्पल एका फ्लोसेलवर आणि उंदराचे दुसऱ्यावर चालवलेले, म्हणजे प्रजातीचा फरक आणि मशीनच्या बॅचचा फरक एकमेकांत मिसळलेला. बॅचचा परिणाम काढून बघितला तर सॅम्पल पुन्हा टिश्यूप्रमाणे जुळायला लागले. मूळ लेखकांना हे मान्य झालं नाही, त्यांनी आपली बाजू मांडली, तो वाद तज्ज्ञांमध्ये बराच चालला. पण वाद होऊ शकला तो हेडर शाबूत होते म्हणून. काही आर्काइव्हमध्ये डेटा साठवताना ही हेडरची ओळ बदलली जाते, मग मागून काहीच शोधता येत नाही. म्हणून सीक्वेन्सिंग कंपनीकडून फाइल आल्या की हेडरमधून फ्लोसेल आणि लेन काढून शीटमध्ये टाकायची छोटी स्क्रिप्ट लिहा आणि प्रत्येक फाइलचा चेकसमही (फाइल बदललेली नाही हे ओळखायचा कोड) तिथेच ठेवा. आणि मुख्य म्हणजे प्रत्येक लॅबने आपापले सॅम्पल आपापल्या वेळी पाठवायचे असं चालू देऊ नका, प्रत्येक फ्लोसेलवर पाचही लॅबचे आणि सगळ्या गटांचे सॅम्पल मिसळलेले हवेत. ते नसेल तर लॅबचा फरक आणि बॅचचा फरक कुठल्याही सॉफ्टवेअरने वेगळा करता येत नाही, बॅचचा फरक काढणाऱ्या कॉम्बॅट वगैरेनेही नाही.

जीनच्या नावांबद्दल थोडं. एक्सेल सेप्ट२ या जीनला २ सप्टेंबर करतं आणि मार्च१ ला १ मार्च, हे २००४ मध्येच एका पेपरने दाखवलं होतं, आणि जपानच्या रिकेन संस्थेचे २३१०००९ई१३ सारखे आयडी तर वैज्ञानिक पद्धतीचा मोठा आकडा बनून जातात आणि परत मिळत नाहीत. २०१६ मध्ये बघितलं तर जीनची यादी एक्सेलमध्ये जोडलेल्या साधारण एक पंचमांश पेपरमध्ये अशा चुका होत्या. शेवटी मानवी जीनना नावं देणाऱ्या कमिटीने जीनचीच नावं बदलली, आता ते सेप्टिन२ आणि मार्चएफ१ आहेत, २०२० मध्ये त्यांनी हा नियमच जाहीर केला. तुमच्यासाठी नियम साधा: काउंटच्या टेबलमध्ये एन्सेम्बल या जीनोम डेटाबेसचा आयडी, नाव फक्त वाचायला शेजारी, आणि काउंटची फाइल एक्सेलमध्ये उघडून सेव्ह करायची नाही.

काउंट का टीपीएम, यावर तुमच्याकडे भांडण आहे असं दिसतंय. दोन्ही द्या पण करार रॉ काउंटचा करा, कारण टीपीएमवरून मागे काउंटकडे जाता येत नाही आणि एक्सप्रेशनमधला फरक शोधणाऱ्या डीईसेक२ किंवा एजआर या प्रोग्रॅमना काउंटच लागतात. त्याहून चांगलं म्हणजे कुणाचेच काउंट घेऊ नका, फास्टक्यू घ्या आणि सगळ्यांचं एकाच ठिकाणी एकाच पाइपलाइनने करा. कुठला जीनोम, माणसासाठी जीआरसीएच३७ का ३८, जेनकोड या जीनच्या यादीचं कुठलं व्हर्जन, अलाइनरचं (रीड जीनोमवर बसवणाऱ्या प्रोग्रॅमचं) व्हर्जन, स्ट्रँडची सेटिंग काय, हे फाइलबरोबर राहिलं पाहिजे. स्ट्रँडची सेटिंग उलटी लागली तर बहुतेक रीड मोजलेच जात नाहीत आणि लोक आठवडाभर आरएनए खराब होता म्हणून रडत बसतात.

कागदावरचं स्टँडर्ड झालं, पण ट्यूबमधलंही एक हवं. अमेरिकेच्या औषध नियामक एफडीएच्या पुढाकाराने एमएक्यूसी नावाचा प्रकल्प झाला, २००६ मध्ये त्याचे पेपर आले. त्यांनी दोन ठरलेले आरएनए घेतले, एक अनेक पेशींचा मिश्र आणि एक मेंदूचा, आणि ते तीनास एक आणि एकास तीन असे मिसळून आणखी दोन सॅम्पल केले, मग तेच चार सॅम्पल वेगवेगळ्या लॅबमध्ये वेगवेगळ्या चिपवर चालवले. मिश्रणाचं प्रमाण माहीत असल्यामुळे उत्तर काय यायला हवं हे आधीच ठाऊक होतं, त्यामुळे कुठली लॅब बरोबर मोजते ते वाद न घालता कळतं. तुम्ही एवढं मोठं करू नका. एका मोठ्या लिव्हर पूलमधून आरएनए काढा, त्याचे छोटे भाग करून मायनस ऐंशीला ठेवा आणि प्रत्येक बॅचमध्ये त्यातला एक घाला. बजेट असेल तर ईआरसीसीचे ९२ कृत्रिम आरएनएचे स्पाइक-इनही, म्हणजे ठरलेल्या प्रमाणात बाहेरून मिसळायचे आरएनए, घाला. पीआय लोक म्हणतील की एवढ्या पैशात आणखी एक उंदीर होईल, त्यांना सांगा की पाच लॅबचे उंदीर एकत्र मोजता यावेत म्हणूनच हा खर्च आहे.

पुढे सिंगल सेल, म्हणजे एकेका पेशीचं वेगळं सीक्वेन्सिंग, करणार असाल तर शीटमध्ये आणखी काही येतं, त्यासाठी २०२० मध्ये किमान माहितीची वेगळी यादी मांडली गेलीय. टेनएक्स कंपनीच्या किटच्या केमिस्ट्रीचं व्हर्जन लिहायला विसरू नका, व्हर्जन दोनमध्ये यूएमआय (प्रत्येक आरएनए रेणूला लावलेली खूण) १० अक्षरांचा आणि तीनमध्ये १२ चा, चुकलं तर सगळी मोजणी बिघडते. आणि कुठल्या पेशीला तुम्ही काय नाव दिलं ते टेबल जपून ठेवा, पेपरमध्ये सुंदर रंगीत चित्र असतं आणि ते टेबल मात्र कुठेच नसतं असं खूप वेळा होतं.

ठरवायचं कुणी, तर कमिटीने नाही. प्रत्येक लॅबमधून जो माणूस प्रत्यक्ष शीट भरतो तो एक, सगळ्यांचं मिळून विश्लेषण करणारा एक, बस. पीआय फक्त शेवटी सही करतील. पहिला मसुदा तीस कॉलमच्या आत ठेवा, त्यातले पंधराच सक्तीचे. मग लगेच प्रत्येक लॅबच्या एका जुन्या, छापून आलेल्या प्रयोगावर तो भरून बघा, ज्याने प्रयोग केला त्याला न विचारता, फक्त नोटबुक आणि फाइलवरून. जिथे भरता येत नाही तिथे एकतर कॉलम चुकीचा आहे नाहीतर नोटबुकमध्ये ते लिहिलंच जात नाही, आणि दुसरं असेल तर लॅबची सवय बदलावी लागेल, ते बोलणं आत्ताच होऊ दे. ‘माहीत नाही’ आणि ‘लागू नाही’ हे दोन वेगळे पर्याय द्या, रिकामा चौकोन कधीच चालवू नका, कारण रिकामं का आहे ते सहा महिन्यांनी कुणालाच आठवत नाही. तपासणी करणारी स्क्रिप्ट लिहा जी चूक साध्या शब्दात सांगेल, ‘ओळ १४ मध्ये वयाचं एकक नाही’ असं, आणि ती शीट भरणाऱ्याने स्वतः चालवता आली पाहिजे. स्टँडर्डला व्हर्जन नंबर द्या, वर्षातून एकदाच बदला.

आणि हे सांभाळायला एक माणूस पगारावर ठेवा, निदान अर्धवेळ. हे मी मनापासून सांगतेय. सगळ्यांची जबाबदारी म्हटलं की दुसऱ्या वर्षी ती पीएचडीच्या सगळ्यात नवीन विद्यार्थ्यावर येऊन पडते, तो थिसिससाठी हे काम दाखवू शकत नाही, आणि तो गेला की सगळं जातं. क्युरेशन हे कौशल्याचं काम आहे, ग्रँटच्या बजेटमध्ये त्याची ओळ असायला हवी आणि पेपरमध्ये त्या माणसाचं नाव लेखक म्हणून यायला हवं.

शेवटचं, पेशंटच्या सॅम्पलबद्दल. आरएनएच्या रीडमध्येही त्या माणसाचे जेनेटिक व्हेरिएंट दिसतात, त्यामुळे नाव काढलं म्हणजे ओळख गेली असं धरून चालू नका. उंदरांचा डेटा सरळ जिओमध्ये टाका. माणसांचे रॉ रीड नियंत्रित प्रवेशाच्या आर्काइव्हमध्ये आणि जीनप्रमाणे काउंट उघड, अशी विभागणी बहुतेक ठिकाणी चालते, पण संमतीपत्रात तसं लिहिलेलं असेल तरच. आपल्याकडे सरकारच्या बायोटेक्नॉलॉजी विभागाची २०२१ ची बायोटेक-प्राइड मार्गदर्शक तत्त्वं आहेत आणि फरीदाबादला इंडियन बायोलॉजिकल डेटा सेंटर नोव्हेंबर २०२२ पासून सुरू आहे, तुमचा पैसा त्या विभागाकडून येत असेल तर डेटा तिथे द्यायचा का आणि कसा हे प्रोजेक्ट ऑफिसरना आत्ताच लेखी विचारा. पेशंटचं पहिलं सॅम्पल घेण्याआधी सगळ्या हॉस्पिटलची संमतीपत्रं शेजारी ठेवून डेटा शेअर करण्याचं वाक्य एकसारखं करून घ्या आणि ते सगळ्या एथिक्स कमिट्यांकडून मंजूर करून आणा. याला महिने लागतात, म्हणून शीटचं काम सुरू व्हायच्या आधीच हा अर्ज टाका.